काढता न येणारे : एका शब्दाच्या निमित्ताने

आमच्या विभागात एक जुना संगणक आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे. महाजालाशी त्याचा संबंध केव्हाच तोडला असला तरी आम्ही तो जपून ठेवला आहे, कारण युनिकोडपूर्व काळातल्या फाँटांत टंकलेले जुने प्रबंध आणि टिपणे ज्या आज्ञावलीत नीट उघडतात, ती त्याच्यावरच चालते. गेल्या सुट्टीत मी त्याची साफसफाई काढली. निरोप्या म्हणून आलेला विंडोज मेसेंजर, चित्रफिती जोडणारा मूव्ही मेकर, पिनबॉलचा खेळ असे जे जे आम्ही कधी मागितले नव्हते ते काढून टाकायचे असा बेत होता. आमचे एक ज्येष्ठ सहकारी शेजारी बसून हे पाहत होते. ते म्हणाले, "अहो, बरोबर आलंय ना, मग असू द्या की. ते काय तुमच्याकडे खायला मागतंय?"

या एका वाक्यात तीन युक्तिवाद दडलेले आहेत. जे फुकट आले त्याबद्दल तक्रार करू नये, हा पहिला. जे आत मुरले आहे ते काढायला गेल्यास सगळेच बिघडेल, हा दुसरा. आणि इतक्या जुन्या गोष्टीसाठी आता डोके कशाला शिणवायचे, हा तिसरा. हे तिन्ही युक्तिवाद मला अमान्य आहेत. ते का अमान्य आहेत हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी वस्तुस्थिती पाहू. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. तिच्या नियंत्रण-फलकात आज्ञावली घालण्या-काढण्याची एक खिडकी आहे, आणि तिथे विंडोजच्या स्वतःच्या घटकांची यादी उघडते. मूळ आवृत्तीत या यादीत मेसेंजर दिसत नसे. यादीत नाही म्हणजे तो काढता येत नाही, असा सरळ अर्थ कोणीही घेईल. तो अर्थ चुकीचा होता. विंडोजच्या फोल्डरात 'आयएनएफ' नावाचे एक उपफोल्डर असते, आणि तेही सहज दिसू नये अशी व्यवस्था असते. त्यात 'सिसॉक' नावाची साध्या मजकुराची एक फाइल आहे. तिच्यात प्रत्येक घटकासाठी एक ओळ असते. काही ओळींत दोन स्वल्पविरामांच्या मध्ये एकच शब्द लिहिलेला आढळतो : 'हाइड', म्हणजे लपव. नोटपॅडमध्ये ही फाइल उघडायची, मेसेंजरच्या ओळीतला तेवढा शब्द पुसायचा, स्वल्पविराम तसेच ठेवायचे आणि फाइल जतन करायची. पुन्हा यादी उघडली की मेसेंजर तिथे हजर असतो, आणि त्याच्यापुढची खूण काढली की तो जातो.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. काढण्याची सोय मुळात नव्हती असे नाही. ती करून ठेवलेली होती आणि नंतर तिच्यावर पडदा टाकला होता. 'काढता येत नाही' आणि 'काढता येते हे तुम्हाला दिसू द्यायचे नाही' या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले विधान तंत्राविषयी बोलते, तर दुसरे सत्तेविषयी. भाषेच्या विद्यार्थ्याला हा फरक कळला नाही तर आम्ही वर्गात इतकी वर्षे काय शिकवले, असा प्रश्न पडेल.

आता दुसऱ्या युक्तिवादाकडे, म्हणजे 'आत मुरले आहे' याकडे वळू. याची उलटतपासणी अमेरिकेतील न्यायालयात झालेली आहे. जून १९९८ मध्ये विंडोज ९८ आली ती इंटरनेट एक्सप्लोरर हा न्याहाळक पोटात घेऊनच. त्याआधी महिनाभर, मे १९९८ मध्ये, अमेरिकी न्याय विभागाने आणि अनेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध मक्तेदारीविरोधी दावा दाखल केला होता. न्याहाळक हा कार्यप्रणालीचा अविभाज्य भाग आहे, अशी कंपनीची भूमिका होती. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८ मधून न्याहाळक बाजूला करणारी एक आज्ञावलीच न्यायालयापुढे मांडली. त्यावर, अशा काटछाटीने विंडोजची कामगिरी ढासळते हे दाखवण्यासाठी कंपनीने १९९९ च्या फेब्रुवारीत एक चित्रफीत सादर केली. ती दाखवताना खिडकीच्या शीर्षकपट्टीतील विसंगती सरकारी वकील डेव्हिड बॉईज यांनी पकडली, आणि पुराव्याचे वजन गेले. न्यायालयाबाहेर शेन ब्रूक्स यांनी '९८ लाइट' नावाची आज्ञावली तयार केली. विंडोज ९८ चा एक्सप्लोरर काढून त्या जागी विंडोज ९५ चा साधा, हलका एक्सप्लोरर बसवायचा, ही तिची युक्ती. ज्याला अविभाज्य म्हटले होते त्याचे विभाजन असे घरबसल्या होऊ लागले.

२८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, हे खरे. पण घालण्या-काढण्याच्या यादीतून न्याहाळकाला वगळणे आणि त्याची संहिता कार्यप्रणालीच्या संहितेत मिसळणे, या दोन्ही गोष्टी त्याच न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. न्यायालयाच्या निकालात एक यादी आणि तिच्यातले एक रिकामे स्थान यांचा विचार व्हावा, याचे महत्त्व कमी लेखू नये.

पुढे काय झाले तेही उद्बोधक आहे. एक्सपीच्या यादीत इंटरनेट एक्सप्लोरर दिसू लागला. मात्र त्याच्याखालचे वर्णन बारकाईने वाचले तर कळते की त्या खुणेने जाते ती फक्त स्टार्ट मेनूतील आणि डेस्कटॉपवरील वाट. न्याहाळक जागच्या जागी राहतो. पाटी काढली, दुकान चालूच, असा हा प्रकार.

येथे प्रतिपक्षाला न्याय द्यायला हवा. 'आत मुरले आहे' हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. न्याहाळकातील पाने रेखाटणारा जो गाभा आहे तो मदत-पुस्तिकेपासून इतर कंपन्यांच्या आज्ञावलींपर्यंत अनेकांना लागतो. एक्सपीच्या सुधारणा ज्या संकेतस्थळावरून घ्याव्या लागत, तेही याच न्याहाळकात चालत असे. रागाच्या भरात फाइल पुसणाऱ्याला आणखी एक अनुभव येतो : विंडोज २००० आणि एक्सपीमधली फाइल-संरक्षक यंत्रणा पुसलेली फाइल तिच्या राखीव साठ्यातून काही क्षणांत परत आणून ठेवते. ही यंत्रणा मुख्यतः इतर आज्ञावलींनी प्रणालीच्या फाइली बदलून टाकू नयेत म्हणून आहे आणि तिची गरज होती. म्हणून 'सगळे काढा' हा माझा आग्रह नाही. गाभा राहू द्या, कारण त्याच्यावर इतर जण अवलंबून आहेत. मेसेंजरवर आणि पिनबॉलवर कोण अवलंबून होते? अविभाज्यतेचे खरे कारण जिथे होते, तिथल्या पुण्याईवर बाकीच्यांनीही मुक्काम ठोकला, ही माझी तक्रार आहे.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न अनोळखी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा काळाच्या ओघात जे शिरले होते ते वेगळे काढण्याचाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. पाठचिकित्सेची शिस्त सांगते की प्रक्षिप्त भाग काढण्याआधी कोणती ओळ कोणत्या ओळीला धरून आहे हे पाहावे, मगच हात घालावा. पण त्याच शिस्तीत हेही गृहीत असते की संहिता वाचकासमोर उघडी आहे. हस्तलिखितच दडवून ठेवले आणि वर 'यातले काही काढता येणार नाही' असे बजावले, तर त्याला कोणी पाठनिष्ठा म्हणणार नाही.

'फुकट' हा युक्तिवाद तर त्याहून पोकळ आहे. २४ मार्च २००४ रोजी युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेयर नसलेली विंडोज उपलब्ध करण्याचा आदेश दिला. त्यानुसार २००५ मध्ये एक्सपीची 'एन' आवृत्ती आली. तिची किंमत नेहमीच्या आवृत्तीइतकीच होती, आणि अर्थातच ती फारशी कोणी घेतली नाही. 'पाहा, लोकांनाच नको आहे,' असे तेव्हापासून सांगितले जाते. तेवढ्याच पैशांत भाजीशिवायचे ताट पुढे करायचे, आणि ते कोणी उचलले नाही म्हणून भाजी नाकारण्याचा हक्कच कोणाला नको असा निष्कर्ष काढायचा, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? हक्क मागितला जात होता तो घेतल्यानंतर काढून टाकण्याचा. आधीच कापलेले विकत घेण्याचा नव्हे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो, त्याकडे येतो. याच एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत मेसेंजर आपोआप बसत असे, पण देवनागरी आपोआप बसत नसे. तिच्यासाठी नियंत्रण-फलकातील प्रदेश आणि भाषा या खिडकीत जाऊन, जटिल लिप्यांच्या फाइली हव्यात अशी खूण मुद्दाम करावी लागे. त्यावर सुमारे १० एमबी जागा लागेल अशी सूचना येई आणि विंडोजची तबकडी मागितली जाई. तबकडी बहुतेकांकडे नसायची. आमच्याही विक्रेत्याने ती दिली नव्हती. खूण केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी जागा सोडून बसे, जोडाक्षरे फुटत, नाहीतर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसत. 'संगणकावर मराठी नीट दिसत नाही' हे वाक्य त्या काळात आम्ही किती जणांच्या तोंडून ऐकले! मराठी दिसण्याची सोय त्या प्रणालीत होती, मात्र ती मागणाऱ्यालाच मिळे. आणि मागायची असते हे ठाऊक असणारे थोडे होते.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. ज्याची गरज नव्हती ते सक्तीचे आणि वर लपवलेले. ज्याची कोट्यवधींना गरज होती ते ऐच्छिक. 'काय बिघडतंय' असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हे आहे. आधीपासून काय असावे हे ठरवणारा कोणाला गृहीत धरतो आणि कोणाला वगळतो, हे त्या यादीवरून कळते. आणि आधीपासून जे असते तेच बहुतेक लोक आयुष्यभर वापरतात.

राहता राहिला 'जुने झाले' हा युक्तिवाद. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला आणि इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. प्रश्न मात्र निवृत्त झालेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि आधीच बसवलेली अॅप वापरणाऱ्याला काढता आली पाहिजेत असेही बजावले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले, आणि अॅप काढण्याविषयीचा निर्देश त्यांतच होता. २०२४ मध्ये नव्या कायद्यामुळे युरोपीय आर्थिक क्षेत्रातील लोकांना विंडोजमधून एज हा न्याहाळक काढण्याची सोय मिळाली. ती देताना जगातील बाकीच्यांना वगळले. म्हणजे अविभाज्यता ही आता भूगोलावर अवलंबून आहे! एका खंडात जे सुटे होते ते दुसऱ्या खंडात अखंड कसे राहते, याचे उत्तर तंत्रज्ञानाकडे नाही. ते कायद्याकडे आहे, आणि कायद्याच्या मागे उभ्या असलेल्या, किंवा नसलेल्या, लोकमताकडे आहे.

म्हणून आमच्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा मतभेद मेगाबाइटांपुरता नाही. 'असू द्या' ही आपली सवय झाली आहे. ती आधी संगणकाच्या बाबतीत लागते आणि मग अभ्यासक्रमाच्या, नियमांच्या, छापील अर्जांच्या बाबतीत आपण तेच म्हणू लागतो. वरून आले आहे, असू द्या.

त्या दिवशी मी 'सिसॉक' उघडली आणि तो शब्द त्यांच्या समोर पुसला. यादीत पिनबॉलचे नाव उमटलेले पाहून ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे इथं होतंच!"

होतेच. मला एवढेच म्हणायचे होते.