कथाप्रधान व्हिडिओ गेममधील लेखन : निकष कोणते?

कथाप्रधान व्हिडिओ गेममधील लेखनाला साहित्य म्हणावे काय, या प्रश्नावर गेली अनेक वर्षे वाद चालू आहे. त्यात दोन भूमिका सातत्याने मांडल्या जातात. एक पक्ष म्हणतो, की चांगल्या कादंबरीतील एखाद्या परिच्छेदाशेजारी गेममधील संवाद ठेवून पाहावेत, म्हणजे ते किती सुमार आहेत हे आपोआप कळेल. दुसरा पक्ष म्हणतो, की माध्यमच निराळे असल्यामुळे साहित्याचे निकष येथे लावताच येत नाहीत. पहिल्या भूमिकेत तुच्छता आहे, दुसरीत सवलत मागण्याची वृत्ती आहे. आणि समीक्षेचे काम दोन्ही पक्ष टाळतात. गेममधील लेखनाचे मूल्यमापन करता येते आणि ते कठोरपणे करता येते, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी सुटे वाक्य तपासून भागत नाही. ते वाक्य आणि ते समोर असताना खेळणाऱ्याला करावी लागणारी कृती यांतील संबंध तपासावा लागतो.

या विषयाच्या सैद्धांतिक मांडणीतील दोन महत्त्वाची पुस्तके १९९७ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाली : जॅनेट मरे यांचे 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' आणि नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांचे 'सायबरटेक्स्ट'. मरे यांनी टेट्रिससारख्या, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवण्याच्या खेळात, अमेरिकी माणसाच्या कामाच्या रगाड्याचे रूपक पाहिले. आर्सेथ यांनी 'एर्गोडिक' ही संज्ञा वापरली. जी संहिता पार करण्यासाठी पाने उलटण्यापलीकडचे श्रम वाचकाला करावे लागतात, ती एर्गोडिक. पुढे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'गेम स्टडीज' या नियतकालिकातून त्यांनी साहित्य आणि चित्रपट यांच्या अभ्यासकांना, हे क्षेत्र आपली वसाहत समजू नका, असा इशारा दिला. इशारा रास्त होता. सर्वत्र रूपके दिसू लागणे हा आपल्या व्यवसायाचा दोष आहेच. परंतु वसाहत करू नये याचा अर्थ तिकडे फिरकूच नये असा होत नाही.

शब्द आणि कृती यांच्या संयोगाचा विचार मराठी अभ्यासकाला मुळीच अपरिचित नाही. जात्यावरची ओवी संग्रहात छापली जाते तेव्हा तिच्यातील पुनरावृत्ती, भरीचे शब्द, मध्येच तुटणारा आशय हे सारे दोष वाटू शकतात. जात्याच्या फेऱ्याची लय आणि दळणारीचे श्रम लक्षात घेतले, की हेच 'दोष' रचनेची अंगे ठरतात. नाटकाच्या समीक्षेतही संहिता श्रेष्ठ की प्रयोग, हा वाद आपण दीर्घकाळ घातला आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची सहा अंगे सांगितली, त्यांत भाषेला, म्हणजे पदरचनेला, चौथे स्थान आहे. कथानक, म्हणजे घटनांची गुंफण, पहिले. गेममधील लेखन म्हणजे त्यातील संवाद, असे समजणारे टीकाकार नकळत चौथ्या अंगाला पहिल्याच्या जागी बसवतात.

लुकास पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आर्स्टोट्स्का नावाच्या कल्पित एकाधिकारशाही राष्ट्रात, १९८२ साली, खेळणारा सीमेवरचा तपासनीस असतो. खिडकीत एकेक प्रवासी येतो, त्याची कागदपत्रे पडताळून होकाराचा किंवा नकाराचा शिक्का मारावयाचा. मजुरी तपासलेल्या माणसांच्या संख्येवर. तीतून घरभाडे, अन्न, हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा खर्च, आजाऱ्याचे औषध. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका आहेत. प्रवाशांचे बोलणे एकदोन ओळींचे, तुटक, बरेचदा व्याकरण सोडून. वाक्यावाक्याने गुण द्यायचे ठरवले तर हा गेम पहिल्या फेरीतच बाद होईल.

आता एक प्रसंग पाहू. एका प्रवाशाची कागदपत्रे बिनचूक आहेत. जाताना तो सांगतो, की मागे माझी पत्नी आहे, तिच्याशी दयेने वागा. पत्नी खिडकीत येते. तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नाही. तिला आत सोडले तर तपासनिसाच्या नावे चूक नोंदली जाणार. येथे लेखकाने एक नियम आधीच रचून ठेवला आहे : दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते, तिसरीपासून मजुरी कापली जाते. परिणामी, ती बाई समोर उभी असताना खेळणारा तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याऐवजी आज आपल्या किती चुका झाल्या हे आठवू लागतो. एखादी शिल्लक असेल तर दया स्वस्तात पडते. नसेल तर घरी चूल की शेगडी असा प्रश्न उभा राहतो. दयेचा रोजचा कोटा मोजणारे मन नोकरशाही कसे घडवते, हे कादंबरीकाराला सांगावे लागले असते, नाटककाराला दाखवावे लागले असते. येथे वाचक स्वतःच ते मोजतो आणि क्षणभराने, आपण मोजत होतो, हे त्याच्या लक्षात येते. हा परिणाम लेखनाचा आहे. तो साधणारे वाक्य मात्र दंडाच्या नियमात लिहिलेले आहे, संवादात नाही.

याच्या अगदी उलट टोकाला 'डिस्को एलिझियम' (२०१९) आहे. मूळ एस्टोनियात स्थापन झालेल्या झा/ऊम या संस्थेचा हा गेम. प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्झ यांनी याच कल्पित विश्वात घडणारी कादंबरी २०१३ मध्ये एस्टोनियन भाषेत प्रसिद्ध केली होती. येथे शब्दसंख्या दहा लाखांच्या घरात आहे, आणि 'गेममध्येही साहित्य असते' असे सांगणारे बहुधा याचाच दाखला देतात. अतिरिक्त दारूने स्मृती गमावलेला एक पोलीस तपास अधिकारी हॉटेलच्या खोलीत जागा होतो. मागच्या आवारात झाडाला एक प्रेत लटकते आहे. तर्क, सहानुभूती, अधिकार असे चोवीस गुणविशेष त्याच्या मनात स्वतंत्र पात्रांसारखे बोलतात.

या गेमचा गौरव त्याच्या शैलीसाठी होतो, ते मला अर्धेच पटते. शैली अनेक ठिकाणी पाल्हाळिक आहे, आणि राजकीय उपरोध मधूनमधून व्याख्यानात घसरतो. चांगल्या संपादकाने पुष्कळ छाटले असते. त्याचे खरे यश अन्यत्र आहे. 'अधिकार' या गुणविशेषावर खेळणाऱ्याने गुण खर्च केले, की तो आवाज वरचेवर बोलू लागतो, आणि जेथे दरडावणे हास्यास्पद ठरेल तेथेही दरडावण्याचा सल्ला देतो. अविश्वसनीय निवेदक आपल्याला कादंबरीतून परिचित आहे. पण तेथे तो लेखकाने निवडलेला असतो. येथे वाचकाने स्वतः पोसलेला निवेदक वाचकाला फसवतो. ही कथनमीमांसेतील नवी शक्यता आहे आणि तिच्यासाठी आपल्याजवळ अद्याप पारिभाषिक संज्ञाही नाही.

याच निकषावर बहुतेक नावाजलेले गेम उणे ठरतात, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. 'बायोशॉक' (२००७) विषयी क्लिंट हॉकिंग यांनी त्याच वर्षी मांडलेला आक्षेप प्रसिद्ध आहे : खेळाचे नियम स्वार्थाची मोकळीक देतात, कथा मात्र दुसऱ्याला मदत करावयास लावते, आणि ही विसंगती कृतीला आतून पोखरते. 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) चा शेवट सर्वतोमुखी झाला आहे. एलीच्या शस्त्रक्रियेतून लस मिळण्याची आशा आहे, पण त्यात तिचा मृत्यू अटळ आहे. जोएल शस्त्रवैद्याला ठार करून तिला घेऊन जातो आणि नंतर तिच्याशी खोटे बोलतो. खेळणाऱ्याला येथे पर्याय नाही. वैद्याला मारल्यावाचून कथा पुढे सरकत नाही. पर्याय नसणे हा दोष मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०२३ च्या दूरचित्रवाणी मालिकेत हाच प्रसंग आपण पाहतो. गेममध्ये तो आपल्या हातून घडतो, आणि नकोशी कृती आपल्याच हातून व्हावी यातच त्या प्रसंगाची शोकात्मता आहे. माझी तक्रार त्याआधीच्या दीर्घ खेळाविषयी आहे. वाटेत खेळणाऱ्याने मारलेल्या कित्येक माणसांचे कोणतेच ओझे रचनेवर पडत नाही. एका मृत्यूला अर्थ देण्यासाठी बाकीचे अर्थशून्य ठेवणे ही लेखनातील उणीव आहे, मग अभिनय आणि संवाद कितीही सुरेख असोत.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०) मध्ये दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून भावाच्या शोधात निघालेल्या राजीची कथा उलगडते. सूत्रधारांची ही योजना आपल्या परंपरेला जवळची आहे. परंतु देव बोलतात आणि राजी लढते; बोलणे व लढणे एकमेकांना क्वचितच बदलतात. दृश्यांचे सौंदर्य मान्य करूनही हे नोंदवले पाहिजे, कारण स्वदेशी म्हणून केलेली स्तुती त्या लेखकांच्या उपयोगाची नाही.

आता आपल्या विभागांविषयी. या विषयावरचा एक पदव्युत्तर लघुप्रबंध, 'यात संहिता कोठे आहे?' असे विचारून समितीने परत पाठवल्याचे मला ठाऊक आहे. प्रश्न टाकाऊ नाही, पण तो परत पाठवण्याचे कारण होऊ शकत नाही. 'पेपर्स, प्लीज'ला वीस शेवट आहेत. दोन वाचकांनी वाचलेली संहिता एकच नसते. पाठभेदांची चिकित्सा ही तर मराठी विभागांची जुनी विद्या आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकाने आपण कोणती प्रत पाहिली हे नोंदवावे, तसे या अभ्यासकाने गेमची कोणती आवृत्ती घेतली, तो किती वेळा खेळला, कोणते पर्याय नाकारले आणि नाकारलेल्या वाटांवर काय होते, हे प्रबंधात नोंदवावे. एकाच वाटेने एकदा खेळून लिहिलेला प्रबंध माझ्याकडे परीक्षणास आला, तर तो मीही परत पाठवीन.