वाढीव दिवस घरासाठी

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास ३६५ दिवस आणि सुमारे ६ तास लागतात. हे वरचे तास साठतात आणि बहुधा दर चौथ्या वर्षी त्यांचा एक दिवस होतो. तोच २९ फेब्रुवारी. २०२४ मध्ये तो गुरुवारी आला. २०२८ मध्ये मंगळवारी येतो.

‘मंगळवारी तर शाळा असते!’ असे तुम्ही म्हणाल. असू द्या. संध्याकाळ तर आपलीच असते ना?

माझ्या मते ती घरी घालवावी. अम्मीबरोबर भाकरी थापून पाहावी. आमच्या मिरजेच्या सतारीचे नाव देशभर आहे. सतार बनवणाऱ्यांच्या मुलाने अब्बांजवळ बसून वाळलेल्या भोपळ्याची सतार कशी होते, ते पाहावे. दादीला तिच्या लहानपणाविषयी विचारावे. ‘नंतर ऐकू,’ असे आपण तिला रोज सांगतो. हा दिवस पुन्हा यायला चार वर्षे लागतात. तेव्हा दादी असेलच, असे कोण सांगेल?

मोठ्या सुखाची वाट पाहताना छोटी सुखे निसटतात. साठवलेल्या दिवसातली एक संध्याकाळ तरी घराला द्यावी.