हातचा राखून हरलेले सामने

या आठवड्यात इंदापूर तालुक्यातल्या एका टेनिस बॉलच्या मैदानावर पुन्हा तेच पाहिलं. सहा ओव्हरची मॅच, 2 ओव्हरमध्ये 22 रन हवेत, समोर डोळा बसलेला बॅट्समन. कॅप्टनचा सगळ्यांत भरवशाचा बॉलर मात्र मिडऑनला उभा, कारण त्याची उरलेली ओव्हर शेवटची म्हणून राखून ठेवलेली. पाचवी एका नवख्या पोराला दिली, तिच्यात 19 गेले. मग 3 रन वाचवायला हुकमी बॉलर आला. हरल्याचं खापर फुटलं त्या पोरावर. याचा मला खरा राग आहे.

निमगाव केतकीचा डाळिंबवाला फळ सेटिंगच्या वेळी बाग तहानलेली ठेवून शेततळं तोडणीसाठी राखत नाही. आपले कॅप्टन नेमकं तेच करतात.

आता याच्या उलट उदाहरण. 29 जून 2024, बार्बाडोस, भारताची टी-20 वर्ल्ड कपची फायनल. अक्षरच्या ओव्हरमध्ये 24 गेले होते, दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हवे होते. रोहितने सोळावी लगेच बुमराहला दिली: 4 रन. सतराव्यात हार्दिकने क्लासेनला काढलं. अठरावी पुन्हा बुमराह: 2 रन आणि यान्सनचा दांडा. बुमराहचा कोटा तिथेच संपला. "मग शेवटची कोण टाकणार?" हा आपल्या कट्ट्यावरचा लाडका प्रश्न. अर्शदीपने एकोणिसावी 4 रनांत टाकली, म्हणून हार्दिककडे शेवटच्या ओव्हरसाठी 16 रन शिल्लक होते. शेवटच्या ओव्हरमधला सूर्यकुमारचा तो झेल आपण सगळे आठवतो, पण त्या झेलाला अर्थ उरला तो अठराव्या ओव्हरमुळे.

याच्या शेजारी अमेरिकेतली एक बेसबॉलची रात्र ठेवा. तिथे शेवटच्या डावासाठी राखलेल्या पिचरला क्लोजर म्हणतात. 2016 च्या मोसमात बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने आघाडी राखण्याच्या 47 संधींपैकी 47 साधल्या. 4 ऑक्टोबरला टोरांटोत हरलं की घरी, असा सामना 2-2 वर अडकला. बाल्टिमोरचे मॅनेजर बक शोवॉल्टर ब्रिटनला आणायला आघाडीची वाट पाहत राहिले. अकराव्या डावात चेंडू उबाल्डो हिमेनेझच्या हातात होता, टोरांटोच्या एन्कार्नासिओनने तीन रनांचा होमर मारला, 5-2. ब्रिटनने त्या रात्री एकही चेंडू टाकला नाही. त्याच महिन्यात क्लीव्हलंडचे मॅनेजर टेरी फ्रँकोना आपला हुकमी पिचर अँड्र्यू मिलर याला पाचव्या-सहाव्या डावातच आणत होते, आणि तो संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत पोचला.

शोवॉल्टर खेळ न कळणारे नव्हते. माझ्या मते त्या सवयीचं मूळ आकड्यात आहे. पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी सुचवलेला 'सेव्ह' 1969 पासून अधिकृत झाला आणि तो आघाडी राखून सामना संपवणाऱ्यालाच मिळतो. मॅनेजर हळूहळू त्या आकड्याच्या वेळापत्रकाने चालू लागले.

आपल्याकडे तो आकडा नाही, पण बक्षीस आहे. शेवटची ओव्हर टाकणाऱ्याच्या हातात ट्रॉफी, त्याचाच फोटो, त्याच्याच नावाचा माइकवरून गजर. हे मी पूर्वीही लिहिलंय आणि आयोजक बदलेपर्यंत लिहीत राहणार. बारामती-इंदापुरात या उन्हाळ्यात स्पर्धा भरवणाऱ्यांनी एक बक्षीस सामना वळवणाऱ्या ओव्हरला ठेवावं, मग ती तिसरी असो की पाचवी. स्कोअररकडे वही असतेच, ओव्हरगणिक हिशोब तिच्यात लिहिलेला असतो.