पाण्याखालचे पर्यटन आणि पाण्यावरचा हक्क

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरला पोहोचते आणि तेथून घाट उतरला की मालवणचा किनारा लागतो. राज्याच्या पूर्व टोकावरील तलावांचा जिल्हा आणि पश्चिम टोकावरील समुद्र यांना जोडणारी ही वाट आहे. या वाटेने तारकर्लीला जाणारा आमच्याकडील शिक्षक, कारकून वा दुकानदार आता केवळ समुद्र पाहून परतत नाही. पाठीवर हवेची नळकांडी बांधून तो पाण्याखाली उतरतो. पोहता न येणाऱ्या माणसालाही पाच-सात मीटर खोलीवरचे प्रवाळ आणि मासे पाहता येतात, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. निसर्गाचे वैभव पाहण्याचा अधिकार मूठभर श्रीमंतांपुरता मर्यादित असू नये, असे म्हणणाऱ्यांनी या करमणुकीकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. हे वैभव कोणाच्या कौशल्यावर, कोणाच्या जोखमीवर आणि कोणाच्या नफ्यासाठी विकले जाते?

प्रथम जोखमीचा विचार करू. ‘पाणी उथळ आहे, घाबरू नका’ असे नवशिक्याला सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. समुद्रसपाटीला असलेला दाब दहा मीटर खोलीवर दुप्पट होतो. पुढच्या दहा मीटरांत तो केवळ दीडपट वाढतो. म्हणजे दाबाचा सर्वांत तीव्र फरक उथळ पाण्यातच असतो. खाली घेतलेला श्वास रोखून कोणी घाबऱ्याघाबऱ्या वर आला, तर फुप्फुसातील हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते, आणि त्यासाठी फार खोलीची गरज नसते. म्हणूनच ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या विद्येचा पहिला धडा आहे. तो नीट शिकवण्यास वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. नवशिक्याचा हात धरून दिवसातून अनेक वेळा खाली-वर करणाऱ्या मार्गदर्शक पाणबुड्याच्या शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब तर ग्राहकाच्या पावतीवर कोठेच नसतो.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांना घेऊन परतणारी नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. मृत्यू पाण्याखाली आला नाही, पाण्यावर आला, हे लक्षात घेतले पाहिजे. पावसाळ्यापूर्वीचा खवळू लागलेला समुद्र आणि हंगाम संपण्यापूर्वी चार पैसे मिळवण्याची घाई यांची गाठ त्या दिवसांत दरवर्षी पडते. अशा अपघातानंतर चौकशी होते, परवाने तपासले जातात, नियमांची उजळणी होते. परंतु दर पाडण्याची स्पर्धा आणि रस्त्यावर गिऱ्हाईक पकडणाऱ्या दलालाची टक्केवारी ज्या व्यवसायाचा कणा बनते, तेथे काटकसर नेमकी सुरक्षिततेतच होते. जाकीट जुने राहते, शिकवणी आखडते आणि नौकेत दोन माणसे जास्त बसतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दर ग्राहक ठरवतो, नफा मालक घेतो आणि जोखमीचा खर्च पाण्यात उतरणाऱ्यावर पडतो.

आता भांडवलाचा विचार करू. या व्यवसायातील खरे भांडवल नळकांडी वा नौका नव्हे. ती बाजारात विकत मिळतात. खरे भांडवल दोन प्रकारचे आहे. एक, मालवणच्या खडकांवर जिवंत असलेले प्रवाळ. दुसरे, वारा, भरती आणि खडक यांची पिढीजात जाण. ही जाण मच्छीमारांच्या मुलांकडे आहे. मात्र या मच्छीमारांना विश्वासात घेण्याची सवय शासनाला कधीच नव्हती. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. आपली मासेमारी जाणार, या भीतीने स्थानिकांनी त्यास विरोध केला आणि संमतीवाचून झालेले संरक्षण बव्हंशी कागदावरच राहिले. आता निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त नौका आयएनएस गुलदार समुद्रतळाशी ठेवून संग्रहालय व कृत्रिम प्रवाळ उभारण्याच्या योजनेस केंद्राने २०२४ मध्ये सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्या पैशातून उभ्या राहणाऱ्या रोजगारात मच्छीमाराचा मुलगा भागीदार असणार की रोजंदार, हे आधीच ठरले पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर परदेशातून आणावे लागत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा मासळीत वाटा असतो. जाळ्याचा व होडीचाही वाटा वेगळा निघतो. भांडवलाला मोबदला मिळतो, पण श्रमाची भागीदारी नाकारली जात नाही. हेच तत्त्व स्कूबाच्या व्यवसायाला लावणे अशक्य का असावे?

गोंदियातील कार्यकर्त्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आमच्या तलावांच्या गढूळ पाण्यात स्कूबा कोणी करणार नाही हे खरे. पण नवेगावबांधसारखा तलाव कोहळी समाजाच्या कसबातून उभा राहिला, आणि त्यातील मासळीवर ढिवरांच्या पिढ्या जगल्या. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले, आणि ढिवर ठेक्याने पाणी घेणारा झाला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांनी तलावांतील बेशरम उपटून पाणवनस्पती लावल्या व देशी मासे परत आणले. पाण्याची काळजी ज्याची रोजी त्यावर आहे तोच घेतो, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. उद्या येथे जलपर्यटनाची योजना आली, तर तिचा पहिला हक्क या संस्थांचाच असला पाहिजे.

सहकाराचे नाव घेतले की सारे आपोआप सुधारते, या भ्रमात आम्ही नाही. संस्थेच्या नावाआड ठेकेदाराने तलाव चालवावा, सभासदांनी केवळ अंगठा उठवावा, असे प्रकार सहकारात घडतात. किनाऱ्यावर असे होणारच नाही याची हमी कोण देणार? ती हमी कायद्यापेक्षा सभासदांच्या जागृतीतून येते, आणि तेथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. किमान दर आणि किमान शिकवणीचा वेळ ठरवून दलालीची स्पर्धा थांबवावी. प्रत्येक मार्गदर्शकाचा विमा उतरवावा आणि दिवसातील त्याच्या बुड्यांवर मर्यादा घालावी. जवळचा दाबकक्ष किती तासांच्या अंतरावर आहे, हे प्रत्येक परवान्यावर ठळक छापावे. प्रवाळावर नांगर पडू नये म्हणून नौका बांधण्यास पक्के बोये असावेत. तारकर्ली येथील पर्यटन महामंडळाच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत मच्छीमार कुटुंबांतील मुलामुलींना विनाशुल्क शिक्षण मिळावे. परवाने देताना त्यांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य असावे.

या मागण्या सिंधुदुर्गाच्या आहेत तितक्याच गोंदियाच्या आहेत. पुढील सुट्टीत तारकर्लीला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी पाण्यात उतरण्यापूर्वी हात धरणाऱ्या तरुणाला एवढे जरूर विचारावे : नौका कोणाची, विमा आहे का, आणि या पैशातील तुझा वाटा किती?