बेनेडिताबाईंचा तेरावा पगार

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी एक हिशेब जरा हळू आवाजात होतो. बाईला पोस्त किती द्यायची? गेल्या वर्षी काय दिले होते? शेजारच्या बिऱ्हाडात म्हणे सबंध महिन्याचा पगार देतात; मग आपण साडी आणि फराळाचे ताट देऊन भागेल का? बरे, मधे गौरी-गणपतीत तिचे चार खाडे झाले ते धरायचे की सोडून द्यायचे? अखेर नवराबायको काहीतरी आकडा ठरवतात, बाई तो घेते, आणि दोन्ही बाजूंना थोडे समाधान, थोडी रुखरुख राहते. ह्या सगळ्या चर्चेत जिच्याविषयी ती चालते तिला मात्र बोलावण्याची पद्धत नाही.

ब्राझील देशात ही चर्चा होत नाही. तिथे नोकरदाराला वर्षाला बारा नव्हे, तेरा पगार मिळतात. (आपल्याकडे ‘तेरावा’ म्हटले की भलतेच काही आठवते, पण तिकडे तो शब्द मोठा गोड आहे!) जितके महिने काम केले तितके बारावे हिस्से, दोन हप्त्यांत, पहिला हप्ता ३० नोव्हेंबरपर्यंत आणि दुसरा २० डिसेंबरपर्यंत, म्हणजे नाताळच्या आत. हा कायदा १९६२ सालचा. गिरणीतल्या कामगाराला, पेढीवरच्या कारकुनाला तो तेव्हापासून लागू झाला. घरात धुणेभांडी करणाऱ्या बाईला मात्र तो मिळायला १९८८ साल उजाडावे लागले. आणि बाकीचे हक्क मिळायला आणखी पाव शतक. ह्या पाव शतकाच्या दोन्ही टोकांना एकच बाई उभी आहे, आणि ती स्वतः लहानपणी लोकांच्या घरी कामाला जात होती. बेनेडिता द सिल्वा हे तिचे नाव. गोव्याकडच्या वाचकांना हे आडनाव परके वाटणार नाही. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे ते आडनाव ठेवून आले.

बेनेडिताबाईंचा जन्म २६ एप्रिल १९४२ चा, रिओ द जानेरो शहरातला. आई धुणे धुवी, वडील मोलमजुरी करीत, आणि घरात मुलांचे लेंढार. प्राया दो पिंतो नावाच्या झोपडवस्तीत त्या जन्मल्या आणि शापेउ मांगेइरा नावाच्या दुसऱ्या वस्तीत वाढल्या. रिओची रचना मोठी चमत्कारिक आहे. खाली समुद्रकिनारा आणि त्याला लागून श्रीमंतांच्या उंच इमारती. आणि त्यांच्या डोक्यावर, टेकडीच्या उतारावर, एकाला एक चिकटलेली गरिबांची घरे. कोपाकबानाच्या प्रसिद्ध किनाऱ्याचे एक टोक म्हणजे लेमे; शापेउ मांगेइरा ही वस्ती त्या लेमेच्या वर. सकाळी टेकडीवरून बायका खाली उतरायच्या, खालच्या घरांतली कामे करायच्या, आणि अंधार पडला की पुन्हा टेकडी चढायच्या. पाणीसुद्धा खालून डोक्यावर वाहून न्यायचे.

खालच्या त्या इमारतींना दोन लिफ्ट असत, एक घरमालकांसाठी आणि पाहुण्यांसाठी, दुसरी ‘सेवेची’. स्वयंपाकघराच्या मागे एक खाट मावेल एवढी खोली, ती मोलकरणीची. (मुंबईच्या काही सोसायट्यांत असाच दोन लिफ्टचा रिवाज आहे, तेव्हा आपण फार नाक मुरडायला नको.) ह्या खोलीचा इतिहास सरळ गुलामगिरीपर्यंत जातो. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडांतला हा शेवटचा देश. संपली म्हणजे काय, तर गुलाम बाई मोकळी झाली आणि पुष्कळदा त्याच स्वयंपाकघरात पोटावारी कामाला राहिली. घरकाम करणाऱ्यांत दहांतल्या नऊ बायका आणि त्यांतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय, हे प्रमाण आजच्या शतकातही टिकून राहिले.

बेनेडिताबाईंनी लहानपणी रस्त्यावर किरकोळ जिन्नस विकले, घरकामे केली, पुढे कारखान्यात राबल्या, शाळेत झाडलोट केली. सोळाव्या वर्षी लग्न. मग मुलेबाळे, दारिद्र्य आणि त्यातूनच रुग्णालयात परिचारिकेच्या हाताखालचे काम. वस्तीतल्या बायकांची संघटना त्यांनी बांधली, प्रौढांना अक्षरे शिकवली, आणि स्वतः चाळिशीच्या सुमारास समाजकार्याची पदवी घेतली. १९६८ मध्ये त्या एका प्रॉटेस्टंट पंथात गेल्या. डावे राजकारण आणि रोजची प्रार्थना ही जोडी आपल्या इकडच्या डाव्यांना जरा अवघड वाटेल. त्यांना ती कधी अवघड वाटलेली दिसत नाही.

१९६४ पासून देशावर लष्कराची राजवट होती. ती सैल होऊ लागली तशी १९८० मध्ये कामगार पक्षाची स्थापना झाली. लुला हे ज्यांचे नाव पुढे जगभर झाले ते त्या पक्षाचे पुढारी. बेनेडिताबाई ह्या पक्षात आल्या आणि १९८२ मध्ये रिओच्या नगरसभेवर निवडून गेल्या. त्यांची घोषणा तीन शब्दांची होती: काळी, बाई, झोपडपट्टीतली. ज्या तीन गोष्टी लोक लपवतात त्याच त्यांनी भिंतींवर रंगवल्या. १९८६ मध्ये त्या राष्ट्रीय प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. हेच सभागृह नवी राज्यघटना लिहिणार होते. घटना समितीत ५५९ सभासद. त्यांत बायका अवघ्या २६. कृष्णवर्णीय बाई म्हणाल तर ह्या एकट्या. खासदार झाल्यावरही बाईंचा मुक्काम टेकडीवरच राहिला.

आता खरी गोष्ट सुरू होते. ब्राझीलचा मोठा कामगार कायदा १९४३ चा, जेतुलिओ व्हार्गास ह्यांच्या अमदानीतला. कामाचे तास, रजा, नुकसानभरपाई सगळे त्यात आहे. फक्त घरकाम करणाऱ्यांना हा कायदा लागू नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. त्याच्या आधीच, १९३६ मध्ये, सांतोस बंदरात लाउदेलिना द काम्पोस मेलो नावाच्या मोलकरणीने देशातली घरकामगारांची पहिली संघटना काढली होती. ती हुकूमशाहीत बंद पडली. १९६१ मध्ये तिने काम्पिनास शहरात नवी काढली. १९९१ मध्ये ही बाई वारली तेव्हा तिने आपले राहते घर संघटनेच्या नावे केले होते. जन्मभर दुसऱ्यांची घरे सारवणाऱ्या बाईने स्वतःचे घर असे द्यावे, ह्यावर निराळे काय लिहायचे?

१९७२ च्या एका कायद्याने मोलकरणींना थोडे मिळाले: वर्षाला २० दिवस रजा, निवृत्तिवेतनाच्या योजनेत जागा, आणि नोकरीच्या वहीवर मालकाची सही. ही वही म्हणजे तिकडच्या कामगाराचे सर्वस्व. तिच्यात सही असेल तर तुम्ही नोकर, नसेल तर कोणी नाही. १९८७ मध्ये घटना समिती बसली तेव्हा देशभरच्या मोलकरणींची मंडळे राजधानीत येऊन धडकली. सभागृहात त्यांचे म्हणणे समजणारी, नव्हे भोगलेली, बाई आयतीच बसलेली होती.

घटना जाहीर झाली ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, गुलामगिरी संपल्याच्या शंभराव्या वर्षी. तिच्या सातव्या कलमात कामगारांच्या हक्कांची ३४ पोटकलमे आहेत. त्याच्या शेवटी एक परिच्छेद जोडला गेला: घरकाम करणाऱ्यांना ह्यांतली पुढील लागू. मोजली तर ती भरली ९. किमान वेतन आले, तेरावा पगार आला, आठवड्याची सुट्टी, पगारी रजा, बाळंतपणाची १२० दिवसांची रजा, निवृत्तिवेतन हे आले. कामाचे तास आले नाहीत. जादा कामाचा मोबदला आला नाही. बेकारीचा विमा आला नाही. चौतीस वजा नऊ, राहिली पंचवीस.

विरोधकांचा युक्तिवाद ओळखीचा आहे. घर म्हणजे काही कारखाना नव्हे, तिथे नफा होत नाही. आणि आमची बाई तर आमच्या घरच्यासारखीच आहे! पोर्तुगीज भाषेतही हे वाक्य अगदी असेच बोलतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळ घरांत खरीच माया असते. बाईच्या मुलीचे शिक्षण केलेली, तिच्या दुखण्याखुपण्यात रात्र जागवलेली कुटुंबे तिकडे आहेत तशी इकडेही आहेत. पण घरच्या माणसाला वारसा असतो, आणि त्याचे खाडे कोणी मांडत नाही. ‘घरच्यासारखी’ ह्या शब्दातला ‘सारखी’ मोठा महाग पडतो.

मधल्या वर्षांची हकीकत थोडक्यात सांगतो. १९९२ मध्ये बेनेडिताबाई रिओच्या महापौरपदाला उभ्या राहिल्या. पहिल्या फेरीत आघाडीवर होत्या, दुसऱ्या फेरीत थोडक्यात पडल्या. १९९४ मध्ये त्या सेनेटवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. १९९८ मध्ये रिओ राज्याच्या उपराज्यपाल, आणि २००२ मध्ये राज्यपालांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी राजीनामा दिल्यावर नऊ महिने राज्यपाल. (तिकडे राज्यपाल निवडून येतो आणि कारभार करतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) ते नऊ महिने कटकटीचे गेले आणि निवडणूक त्या हरल्या. २००३ मध्ये लुलांनी त्यांना समाजकल्याण मंत्री केले. तिथे मात्र त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. एका प्रार्थनासभेसाठी ब्युनोस आयर्सला गेल्या आणि प्रवासखर्च सरकारी तिजोरीतून झाला. ओरड झाली, पैसे परत भरले, पण पुढच्या जानेवारीत मंत्रिपद गेले. भाबडेपणा म्हणा की बेफिकिरी. सरकारी पैशाच्या बाबतीत दोन्ही सारखेच. त्यांचे राजकारण संपले असे समजणारे पुष्कळ होते.

२०१० मध्ये त्या पुन्हा खासदार झाल्या. त्याच वर्षी कार्लोस बेझेरा नावाच्या दुसऱ्या पक्षाच्या खासदाराने एक घटनादुरुस्ती मांडली होती: १९८८ चा तो परिच्छेद बदला. समितीत अहवाल लिहिण्याचे काम आले बेनेडिताबाईंकडे. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रतिनिधिगृहात पहिल्या फेरीचे मतदान झाले. बाजूने ३५९, विरुद्ध २. विरोध करणाऱ्यांत जाईर बोल्सोनारो होते. ते पुढे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. सेनेटमध्ये एकही मत विरुद्ध पडले नाही, आणि २ एप्रिल २०१३ रोजी बहात्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. बेनेडिताबाईंचे बहात्तरावे वर्ष तेव्हा लागायचे होते.

सभागृहात विरोध नव्हता. तो दिवाणखान्यांत होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला चव्वेचाळीस, वर झाले तर दीडपट दाम! एका मोठ्या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर टाय बांधून भांडी घासणारा गृहस्थ छापला आणि उद्या तुमचीही हीच गत, असे वाचकांना बजावले. लक्षावधी बायकांच्या नोकऱ्या जातील, असे भाकीत झाले.

उरलेले सात हक्क लागू करणारा कायदा दिल्मा रूसेफ ह्यांच्या सहीने १ जून २०१५ रोजी झाला. त्याचा हिशेब आपल्या गृहिणींना समजेल असा आहे. पगार दहा हजार धरा. त्यावर मालकाने दरमहा दोन हजार भरायचे: आठशे निवृत्तिवेतनासाठी, ऐंशी अपघाताच्या विम्याचे, आठशे बाईच्या भविष्यनिधीत, आणि तीनशे वीस एका निराळ्या खात्यात. बाईला विनाकारण काढले तर हे तीनशे वीस साठून तिला मिळतात; ती आपण होऊन गेली तर मालकाला परत. म्हणजे निरोपाच्या दिवशी एकदम मोठी रक्कम काढण्याची पाळी येत नाही. सगळे एकाच चलनाने भरायचे. अठरा वर्षांखालची मुलगी ठेवायची नाही. तपासनीस घरात येईल तो आधी वेळ ठरवून. मध्यमवर्गाचा जीव घाबरा होऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारा कायदा विरळा.

भाकीत केले तसा प्रलय काही आला नाही. घरात राहणारी मोलकरीण मात्र दुर्मिळ झाली, आणि नव्या इमारतींच्या नकाशांतून ती मागची खोली हळूहळू गळू लागली. मग २०२० साली करोना आला. रिओ राज्यातला पहिला बळी म्हणजे एक मोलकरीण. तिची मालकीण इटलीहून परतलेली होती.

महाराष्ट्राचा ह्या गोष्टीशी संबंध नाही असे नाही. ज्या १९८० साली कामगार पक्ष तिकडे स्थापन झाला त्याच साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. पगार आणि आजारपणाची रजा हे त्यातले मुद्दे. महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला २००८ मध्ये. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये जिनीव्हाला मंजूर झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले. ब्राझीलने त्यावर रीतसर मान्यता नोंदवली २०१८ मध्ये. आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास समिती नेमा, असे केंद्र सरकारला सांगितले.

बेनेडिताबाई २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पुन्हा एकदा खासदार म्हणून निवडून आल्या. त्यांच्या कायद्याची जी फट आहे ती मात्र त्या वयाला सांधता आलेली नव्हती. देशात घरकाम करणारी साठ लाखांच्या घरातली माणसे. वहीवर सही असलेली एकदा तिसऱ्या हिश्श्याजवळ पोचली आणि पुन्हा चौथ्या हिश्श्यावर घसरली. कारण कायदा ‘नोकर’ कोणाला म्हणतो, तर एकाच घरी आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस काम करणाऱ्या बाईला. घरोघरच्या गृहिणींना हे पाठ झाले आहे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, बुधवार पुन्हा पहिल्या, असा बाईचा आठवडा भरतो; आणि तिसऱ्या दिवशी तिला कोणीही बोलावीत नाही.