दार उघडण्याआधी मान वळवा



गेल्या महिन्यातली गोष्ट. मंदिरातून परतताना भाजी घ्यायला ह्यांनी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी केली. नातू पुढे बसला होता, मी ह्यांच्या मागे. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची घाई, हातात पिशवी. नेहमीसारखं दार उघडलं आणि धाडकन आवाज आला. शिकवणीला निघालेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा सायकलसकट रस्त्यावर पडला होता. मागच्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक मारला, म्हणून गुडघे खरचटण्यावर निभावलं.

मुलगा उठला आणि मलाच म्हणाला, "सॉरी काकू." चूक माझी, माफी तो मागत होता! मलमपट्टी करून त्याला घरी पोचवलं, त्याच्या आईची क्षमा मागितली. पण त्या रात्री झोप काही लागली नाही.

आपल्याला वाटतं, वाहतुकीचे नियम गाडी चालवणाऱ्यासाठी. आपण तर मागे बसतो. पण दार आपणच उघडतो ना? सायकलवाल्याला ना काच, ना पत्रा. अचानक उघडलेलं दार चुकवायला तो बाजूला वळला, तर मागून येणाऱ्या वाहनाखाली जाऊ शकतो.

मुलीने मला एक साधी सवय शिकवली. दाराजवळच्या हाताने दार उघडायचंच नाही, लांबच्या हाताने उघडायचं. उजवीकडचं दार डाव्या हाताने, डावीकडचं उजव्या हाताने. असं केलं की खांदा वळतो, मान वळते आणि मागून येणारा आपोआप दिसतो. ह्याला 'डच रीच' म्हणतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ सालापासून हा सल्ला दिलेला आहे. सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवा, वेग जास्त असेल तर त्याहून जास्त, असंही त्यात आहे. आपल्या गल्लीबोळांत दीड मीटर कुठून आणायचं, असं तुम्ही म्हणाल. मग जागा होईपर्यंत मागे थांबायचं, कर्कश हॉर्न वाजवायचा नाही.

सायकलवाल्यांनीही काळजी घ्यायला हवी. उलट्या बाजूने येऊ नये, अंधारात दिवा लावावा, कानात गाणी नकोत, उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवावं. पण ज्याच्या हाती जड वाहन, त्याची जबाबदारी जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपले मुनिमहाराज चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. ईर्यासमिती आपण पाठशाळेत पाठ केली. पाणी गाळतो, धान्य निवडतो, मुंगी वाचवतो. आणि चालत्या रस्त्यावर न बघता दार ढकलतो! मारायचा हेतू नव्हता हे खरं, पण प्रमाद तर होताच.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, हिशोब मांडायची सवय जात नाही. मान वळवायला लागतात दोन सेकंद. न वळवल्याचं देणं मात्र कुणाच्या तरी लेकराला फेडावं लागतं.

आज गाडीतून उतरताना करून बघा. नातवंडांनाही शिकवा. आमचा नातू आता मलाच आठवण करतो, "आजी, दुसरा हात!"