‘उद्या’ इंग्रजीत सांगण्याआधी

इंग्रजीत उद्याचं काही सांगायचं म्हटलं की आपण सरसकट ‘विल’ लावतो. शाळेत तेच घोकलेलं असतं: ‘आय’, ‘वी’ला शॅल, बाकीच्यांना विल. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली आपल्या लॅटिनमधल्या इंग्रजी व्याकरणात मांडलेला हा नियम रोजच्या बोलण्यात आता फारसं कुणी पाळत नाही. माझी विनंती एवढीच, की ‘विल’ म्हणण्याआधी तेच वाक्य आपण घरी मराठीत कसं बोलतो ते आठवा.

आभाळ भरून आलंय, दोरीवरचे कपडे काढताना आई म्हणते, “पाऊस येणार.” खूण डोळ्यांपुढे आहे, म्हणून “इट्स गोइंग टू रेन.” आधीच मनाशी ठरवलेला बेतही असाच ‘गोइंग टू’ने सांगायचा. तिकीट काढून झालं की आपण म्हणतो, “मी उद्या पुण्याला जातोय.” इंग्रजीतही तसाच चालू वर्तमानकाळ, “आयम गोइंग टू पुणे टुमॉरो.” आणि वेळापत्रकातली गाडी? “सहाला सुटते.” “द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स.” पाहा, यात ‘विल’ कुठेच आलं नाही, आणि मराठीतही ‘ईन’, ‘एल’ आलं नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. दाराची बेल वाजते आणि आपण म्हणतो, “थांब, मी उघडतो.” त्याचं “आय ॲम ओपनिंग” करू नका. त्या क्षणी ठरवलेलं काम, दिलेला शब्द, मनातला अंदाज ही ‘विल’ची हक्काची जागा: “आयल ओपन इट.”

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘व्हेन’ आणि ‘इफ’पाशी. शिकवणीतली एक हुशार मुलगी मुलाखतीची तयारी करताना दर वेळी म्हणायची, “व्हेन आय विल रीच, आय विल कॉल.” तिच्या मनात होतं “पोचेन तेव्हा.” मी विचारलं, घरून निघताना आईला काय सांगतेस? “पोचले की फोन करते.” म्हणजे ‘की’च्या आधी भविष्यकाळ नाहीच! “पाऊस पडला तर येणार नाही” यातही ‘तर’च्या आधी तो नाही. इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ घेते: “व्हेन आय रीच, आयल कॉल.” “इफ इट रेन्स, आय वोन्ट कम.” त्या दिवसानंतर तिची ती चूक क्वचितच ऐकू आली.

‘शॅल’ टाकून देऊ नका. “चहा टाकू का?” या आपुलकीच्या प्रश्नाला ते नेमकं बसतं: “शॅल आय मेक सम टी?”

मुलांच्या पेपरात ‘सिंपल फ्यूचर टेन्स’ करा असं विचारलं तर त्यांना ‘विल’च लिहू द्या, गुण त्यालाच आहेत. पण त्याच संध्याकाळी त्यांना शेजारी बसवून उद्याच्या दिवसाची पाच वाक्यं मराठीत बोलायला सांगा, आणि मग एकेक वाक्य इंग्रजीत उतरवा.